जॅक कुठे लावला?

पावसाळा सरला की गॅरेजमध्ये एकच तक्रार रांग लावते : ‘पुढून खटखट वाजतंय.’ स्टॅबिलायझर लिंक, लोअर आर्मचे बुश, स्ट्रटचे माउंटिंग आणि बॉल जॉइंट ही चौकडी स्पीडब्रेकरवर जवळजवळ सारखीच वाजते. पहिली तीन गेली तर गाडी बहुधा नुसती वाजत राहते. बॉल जॉइंट निखळला तर चाक फाकते आणि गाडी जागेवर बसते. ही वेळ पार्किंगमध्ये आली तर नशीब. घाटात आली तर काय, ते सांगायला नको.

तरीही तपासणीची आपली रीत ठरलेली आहे. हाताला येईल तिथे जॅक लावायचा, चाक दोनदा हलवायचे आणि ‘ओके’ म्हणायचे. जॅक चुकीच्या जागी असेल तर पार झिजलेला जॉइंटही घट्ट लागतो, हे यात विसरले जाते.

स्विफ्ट, वॅगन-आर यांसारख्या मॅकफर्सन स्ट्रटच्या गाड्यांत वजन स्प्रिंगमधून स्ट्रटवर आणि तिथून नकलवर उतरते. खालच्या बॉल जॉइंटवर गाडीचे वजन नसते. चाकाला जागेवर धरून ठेवणे हे त्याचे काम. इथे जॅक बॉडीखालच्या जॅक पॉइंटवर हवा, चाक लोंबते हवे. जॅक लोअर आर्मखाली लावलात तर बॉल वाटीत दाबला जातो आणि प्ले लपतो. सुमोसारख्या डबल विशबोनच्या गाडीत नेमके उलट. तिथे स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर असतो. गाडी चासीवर उचलली की तो जोर जॉइंटला ताणून धरतो. म्हणून जॅक खालच्या आर्मखालीच, होता होईल तेवढा चाकाकडे सरकवून लावायचा. आणि दोन्ही प्रकारांत घोडी लावल्याशिवाय हात आत घालायचा नाही.

मग टायरखाली टॉमी घालून हलकेच उचला. नजर चाकावर नको, नकल आणि आर्म यांच्या मधल्या फटीवर हवी. जमल्यास तिथे बोट ठेवा. टॉमीवर लटकू नका. आर्मचे रबर दबते आणि चांगला जॉइंट उगाच बाद ठरतो. चाक वर-खाली धरून हलवताना प्ले जाणवला तर पोऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. प्ले गेला तर संशय व्हील बेअरिंगवर, राहिला तर जॉइंटवर. भार पेलणाऱ्या जॉइंटला किती प्ले चालतो तो आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ‘आपल्या हाताला कळतं’ हे तिथे चालत नाही.

बूट फाटला असेल तर मात्र प्ले मोजत बसू नये. आत शिरलेला चिखल ग्रीसमध्ये मिसळला की पॉलिशच्या लेपासारखा बॉल घासत राहतो. नुसता नवा बूट चढवून गाडी देणे म्हणजे तो चिखल आत कोंडणे.

बदलताना निम्मे नुकसान आपणच करतो. पिंच बोल्टच्या नकलमध्ये स्टडच्या खाचेतून बोल्ट गेलेला असतो. तो ढिला करून भागत नाही, पूर्ण काढावा लागतो. बसवताना बोल्ट हाताने आत जात नसेल तर स्टड पूर्ण बसलेला नाही. तिथे हातोडी मारली की खाच जाते आणि आटेही. टेपर स्टडच्या नटाचे भोक स्प्लिट पिनशी जुळले नाही तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळा. मागे फिरवू नका.

प्रेसने बसणाऱ्या जॉइंटबाबत आमचे मत थोडे कडक आहे. हायड्रॉलिक प्रेस आणि मापाचे कप नसतील तर सरळ आर्म असेम्ब्ली बदला. हातोडीने ठोकलेला जॉइंट तिरका बसतो, सैल पडतो, आणि मग कुणीतरी त्याला वेल्डिंगचे टाके घालतो. त्या उष्णतेने आतले प्लास्टिकचे अस्तर आणि ग्रीस दोन्ही जळतात. बाहेरून जॉइंट नवाकोरा दिसतो आणि गिऱ्हाईक पैसे मोजून जाते.

आर्म खोलला असेल तर बुशचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यावरच आवळावेत. लोंबत्या आर्मवर आवळले तर रबर कायमचे पिळलेले राहते आणि लवकर फाटते. त्यानंतर अलाइनमेंट. ते बिलात आधीच सांगून ठेवले, तर शेवटी घासाघीस होत नाही.