निद्रानाशावर व्यायामाची मात्रा

बीडहून सोलापूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, बिंदुसरा धरणालगत पाली हे गाव आहे. अशा गावात निद्रानाशावर व्यायामाचा उपाय सांगणे म्हणजे शहरी चोचले, असे अनेकांना वाटेल. शेतात राबणाऱ्याला कसला आला निद्रानाश! परंतु दुकानाच्या गल्ल्यावर वा कचेरीत बसून दिवस काढणारी, शेताची फेरीसुद्धा मोटारसायकलवरून मारणारी आणि कर्जाच्या विवंचनेत रात्रभर कूस बदलणारी माणसे आता गावोगावी आहेत.

झोपण्याची सोय असूनही आठवड्यातून किमान ३ रात्री, सलग ३ महिने झोप लागत वा टिकत नसेल आणि दिवसाची कामे बिघडत असतील, तर त्यास जुनाट निद्रानाश म्हणतात. यातील ‘सोय असूनही’ हे शब्द महत्त्वाचे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर हंगामात पहाटेच फडात उतरतात आणि वाहन आले की अपरात्रीही मोळ्या भरतात. त्यांना झोप येत नाही असे नव्हे. त्यांना झोपायला मिळत नाही. त्यांना फिरायला जाण्याचा उपदेश करणे ही क्रूर थट्टाच होय.

ज्यांना अंथरुणावर पडूनही झोप नाही, त्यांची गोष्ट वेगळी. बंगळूरच्या विवेकानंद योग संशोधन प्रतिष्ठानातील अभ्यासकांनी वृद्धाश्रमातील ६९ ज्येष्ठांवर केलेला प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. योगाभ्यास करणाऱ्यांची झोप ६ महिन्यांनी सरासरी सुमारे तासाभराने वाढली होती. अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात निद्रानाश असलेल्या, बैठे जीवन जगणाऱ्या प्रौढांना १६ आठवडे व्यायाम दिला गेला. त्यांचीही झोप सुधारली. प्रयोगात माणसे अवघी १७ होती, हेही सांगितले पाहिजे.

त्याच प्रयोगाची २०१३ मधील फेरतपासणी अधिक बोलकी आहे. ज्या दिवशी व्यायाम केला, त्याच रात्री झोप सुधारली असे दिसले नाही. उलट, रात्र वाईट गेली की दुसऱ्या दिवशीचा व्यायामच कमी होई. नेमके येथेच बहुतेकांचे घोडे अडते. आठ दिवस पहाटे फिरून ‘काही उपयोग नाही’ म्हणत मंडळी पुन्हा गोळीकडे वळतात. फळ मिळायचे ते महिन्यांनी, आणि हिशेब मात्र रोज सकाळी मांडला जातो!

झोप लागावी म्हणून शरीर पिळून काढणेही व्यर्थ. आहार आणि ब्रह्मचर्य यांच्याबरोबर निद्रेला शरीराचा आधारस्तंभ मानणाऱ्या आयुर्वेदाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा असे सांगितले आहे. रोज अर्धा तास भरभर चालणे वा झेपतील तेवढे सूर्यनमस्कार पुरेसे. मात्र निजण्याच्या तोंडावर दमछाक नको. मोठ्याने घोरणाऱ्या आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी केवळ व्यायामावर विसंबू नये, आधी तपासणी करून घ्यावी. वर्षानुवर्षे घेतलेल्या झोपेच्या गोळ्याही उत्साहाच्या भरात एकाएकी सोडू नयेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी कराव्या लागतात.