तालुक्यातल्या कार्यकर्त्याचा पगार

बंगळुरूहून कोलारच्या रस्त्याने पूर्वेला पंचवीस-तीस किलोमीटर गेले की होसकोटे लागते. १५९५ च्या सुमारास सुगटूरच्या तम्मेगौडाने इथे किल्ला आणि मोठा तलाव बांधला. पुढे शहाजीराजांच्या बंगळूर जहागिरीत हे ठाणे आले, म्हणून मराठी वाचकाला नाव ओळखीचे वाटेल. आज मात्र या तालुक्याकडे पाहायचे ते वेगळ्या कारणासाठी. होसकोटे बंगळुरूच्या ग्रामीण पट्ट्यात मोडते. इथे रागी, तुती, द्राक्षे आणि भाजीपाला पिकतो, आणि भूजलाच्या सरकारी वर्गवारीत तालुका अतिशोषित आहे. त्याच मातीवर १९९८ पासून व्होल्वोचे ट्रक तयार होतात, महामार्गालगत गोदामे उभी आहेत आणि चेन्नईचा नवा द्रुतगती मार्ग इथूनच सुरू होतो.

चाकण, रांजणगाव, भिवंडी किंवा बुटीबोरीच्या परिसरात काम करणाऱ्या आपल्या वाचकांना हे चित्र नवे नाही. अशा तालुक्यातल्या छोट्या संस्थांचे काम दुपदरी होते. एका बाजूला मूळ गावकरी असतो. त्याची बोअरवेल आटलेली, जमीन विकलेली किंवा विकायच्या बेतात, आणि मुलाला शेती नको असते. दुसऱ्या बाजूला गोदामात, वीटभट्टीवर आणि बांधकामावर आलेले कुटुंब असते. त्याचे नाव इथल्या कोणत्याच यादीत नसते, कारण गावच्या योजना अजून २०११ च्या जनगणनेवर आणि जुन्या मतदारयाद्यांवर चालतात. रेशनकार्ड आता देशात कुठल्याही दुकानात चालायला हवे. पण दुकानदाराने ‘इथले नाही’ म्हणून परत पाठवले, तर बिहारहून आलेल्या बाईने कन्नडमध्ये भांडायचे कसे? गरोदर बाईची नोंद कोणत्या अंगणवाडीत करायची? कर्नाटक सरकारने ग्रामपंचायतींमध्ये ‘कूसिन मने’ नावाची पाळणाघरे सुरू केली, ती रोजगार हमीवर जाणाऱ्या आयांचा विचार करून. गोदामात बारा तासांची पाळी करणारी आई त्या आखणीत कुठे बसते, हे पंचायतीत जाऊन कोणीतरी विचारावे लागते.

ते विचारणारे माणूस म्हणजे संस्थेचा कार्यकर्ता. बहुतेकदा तालुक्यातलीच एखादी बाई. दुकानदाराला ती नावाने ओळखते आणि पंचायत विकास अधिकाऱ्याकडे तिसऱ्यांदा जायला तिला संकोच वाटत नाही. संस्थेची खरी मालमत्ता तीच. आणि आपल्या प्रस्तावांमध्ये सर्वांत आधी कात्री लागते तीही तिच्याच पगाराला.

कंपन्यांच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) पैसा जवळ आहे. कंपनी कायद्याचे कलम १३५ पात्र कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करायला सांगते आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्या असेही म्हणते. पण निर्णय मुख्यालयात होतो, आणि तिथे मोजता येणाऱ्या वस्तूंना पसंती मिळते: बाके, टॅब, शुद्ध पाण्याचे यंत्र, फोटोसाठी फलक. पगाराची ओळ आली की उत्तर ठरलेले असते, ‘प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही.’

हे उत्तर चुकीचे आहे, आणि आपण ते वर्षानुवर्षे मुकाट ऐकून घेत आलो आहोत. २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या नियमांतली पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, म्हणजे तिचा सीएसआर विभाग सांभाळण्यासाठी लागणाऱ्या सर्वसाधारण खर्चावर. एखाद्या प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख आणि मूल्यमापन यांवर थेट होणारा खर्च त्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळला आहे. अंगणवाडीतली नोंद करून देणारी कार्यकर्ती म्हणजेच अंमलबजावणी. तिचा पगार प्रकल्पाचा खर्च आहे. त्याच नियमांनी चालू प्रकल्पाला सुरुवातीचे आर्थिक वर्ष सोडून आणखी तीन वर्षे मुदत दिली आहे. तरीही अनेक संस्था अकरा महिन्यांचे करार मागतात, कारण तेवढेच मिळते असे त्यांनी गृहीत धरले आहे.

वेळ दिला तर काय होते, याची साक्ष याच राज्यात आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर मायराडा या स्वयंसेवी संस्थेने उभ्या केलेल्या मोठ्या सहकारी संस्था मोडू लागल्या. तेव्हा त्यांतले सभासद आपापल्या छोट्या गटांत बचत करू लागले. मायराडाची माणसे गावातच होती म्हणून त्यांना ते दिसले. १९८७ मध्ये नाबार्डने या गटांसाठी दहा लाख रुपये दिले. १९९२ मध्ये पाचशे गट बँकांना जोडण्याचा पथदर्शी प्रयोग सुरू झाला आणि आज देशभर दिसणारे बचत गट त्यातून वाढले. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेने आधी दोन वर्षे फक्त नोंदी केल्या, मग १९९५ ते १९९८ या काळात ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये हे ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. अकरा महिन्यांच्या करारात यातले काहीच बसले नसते, पहिल्या नोंदीसुद्धा नाहीत.

देणाऱ्यांवर सगळे ढकलून चालणार नाही, हेही खरे. आपल्यातल्या अनेक संस्था अजून ‘लाभार्थी’ मोजतात, पण तालुक्यात आज कोण राहते याची स्वतःची यादी ठेवत नाहीत. ती ठेवावी. वस्तीवार, दर सहा महिन्यांनी, भाड्याच्या खोल्यांसकट. पंचायतीकडे नसलेली माहिती आपल्याकडे असेल तर बैठकीत आपले म्हणणे ऐकले जाते आणि कंपनीच्या समितीपुढेही मागणी ठोस होते.

नव्या आर्थिक वर्षाचे प्रस्ताव लिहिताना एवढे करा: दोन कार्यकर्त्यांचा पूर्ण पगार, भविष्यनिर्वाह निधीसकट, प्रकल्प खर्चाच्या रकान्यात लिहा. मुदत तीन वर्षांची मागा. आणि ‘प्रशासकीय खर्चा’ची व्याख्या देणारे नियमाचे पान प्रस्तावाला जोडा, त्या ओळीखाली रेघ मारून.