जेट बारीक केलात, पण उतरताना परत घातलात का?



जून जवळ आला की बेळगावातल्या पोरांच्या अंगात लडाख संचारतं. गेल्या पंधरवड्यात तिघांनी मला एकच विचारलं, "काका, आरएक्सला वर कितीचा जेट घालू?" परत येताना काय करायचं, हे एकानंही विचारलं नाही. माझ्या मते टू-स्ट्रोक गाडी उंचावर नेण्यात अर्धं काम उतरण्याचं असतं आणि गाड्या तिथंच मरतात. म्हणून ही लांबलचक पोस्ट. ज्यांच्याकडे आरएक्स किंवा येझदी आहे त्यांनी तरी पूर्ण वाचा.

आपली पहिली गैरसमजूत म्हणजे घाट. चोर्ला उतरून पणजीला जायचं आणि संध्याकाळी परत, हे आपण लहानपणापासून करतोय. गाडीला कधी काही झालं नाही, म्हणून "आम्हाला घाटाची सवय हाय की" असं वाटतं. पण बेळगाव समुद्रापासून जेमतेम 750 मीटर वर. कागदावर हिशोब केला तर पणजीला 100 नंबरचा मेन जेट बरोबर असेल तर बेळगावात 97 लागेल. एवढा फरक कंपनीच्या सेटिंगमध्येच खपून जातो. लेह 3,500 मीटरवर आहे आणि खारदुंग ला 5,359. तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या निम्म्याच्या जरासा वर असतो. चोर्ल्याचा अनुभव तिथं चालत नाही.

होतं काय ते साध्या भाषेत सांगतो. इंजिन प्रत्येक फेऱ्याला तेवढीच जागा भरून हवा ओढतं, पण वर त्या जागेत हवाच कमी असते. कार्बोरेटरमधून येणारं पेट्रोलही थोडं कमी होतं, पण हवेच्या प्रमाणात नाही. म्हणजे पेट्रोल जादा, हवा कमी. गाडी फडफडते, धूर काढते, प्लग काळा आणि ओला निघतो, आयडलिंगला बंद पडते. बेळगावात 100 चा जेट बरोबर असेल तर लेहला साधारण 87 आणि खारदुंग लाच्या माथ्यावर 80 च्या आसपास लागेल. हा कागदी आकडा. थंडीनं तो बदलतो, कारण पहाटेची शून्य डिग्रीची हवा दुपारच्या 30 डिग्रीच्या हवेपेक्षा जवळजवळ दहा टक्के दाट असते. दुपारी उन्हात अगदी काठावर लावलेली गाडी पहाटे लीन होते.

आणि एक गोष्ट मनातून काढून टाका. जेट बदलल्यानं ताकद परत येत नाही. आरएक्स 100 ची ताकद 11 बीएचपी. माथ्यावर त्यातली जवळपास निम्मी उरते, कारण हवाच निम्मी आहे. जेटनं फक्त आहे त्या हवेला योग्य तेवढं पेट्रोल मिळतं. चढाला ओढ हवी असेल तर पुढचं स्प्रॉकेट एका दातानं लहान करा, त्याचा खरा उपयोग होतो.

आता आपल्याकडचे दोन जुगाड. एक, जेटमध्ये तांब्याची बारीक तार घालायची. तार सरकली की भोक किती उरलं हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरा, एअर फिल्टर काढून टाकायचा. हवा वाढते, गाडी मोकळी वाटते हे खरं. पण त्या रस्त्यांवरची धूळ पिठासारखी बारीक असते आणि ती सरळ सिलिंडरमध्ये जाऊन बोअर खाते. शंभर-दोनशे रुपयांचा जेट वाचवून बोअर-पिस्टन घालवायचं, याला मी शहाणपण म्हणत नाही.

मुख्य मुद्दा उतरण्याचा. माझ्या माहितीतला एक मुलगा लेहवरून मनालीकडे परत येत होता. वाटेतल्या एका दुकानात जेट बारीक करून घेतला होता, जुना जेट तिथंच राहिला. वर गाडी मस्त चालली. रोहतांग उतरून मनालीच्या खाली सपाटीला लागला, हवा दाट झाली, उष्मा वाढला आणि त्यानं ॲक्सिलरेटर पूर्ण पिळला. हवा भरपूर, पेट्रोल कमी. पिस्टन तापून फुगला, इंजिन सीझ झालं आणि मागचं चाक जागच्या जागी जाम. मागून ट्रक नव्हता, म्हणून खरचटण्यावर निभावलं.

रिच गाडी त्रास देते, लीन गाडी घात करते. आमच्या जुन्या मिस्त्रीमामांचं यावर एकच वाक्य असायचं, "चढताना गाडी रडती, उतरताना मरती."

येझदीवाल्यांनी दुप्पट सांभाळायला हवं. येझदीत ऑइल पेट्रोलमधूनच येतं, त्यामुळे पेट्रोल कमी केलं की ऑइलही कमी झालं. लांब उतारावर ॲक्सिलरेटर बंद ठेवून गिअरमध्ये गाडी सोडली तर इंजिन जोरात फिरतं आणि पोटात ऑइल जवळजवळ नाही. अधूनमधून ॲक्सिलरेटर थोडा पिळत राहा. आरएक्सला ऑइलचा पंप वेगळा आहे, पण लीन झाल्यावरच्या उष्णतेपासून तो वाचवत नाही.

मी काय करतो ते सांगतो. मूळ जेट काढला की डबीत घालून चिठ्ठी लावतो. सोबत 95, 90, 85 असे तीन जेट. खारदुंग लासाठी जेट लावायचाच नाही, कारण माथ्यावर आपण अर्धा तास असतो. मुक्काम लेहला, म्हणून जेट लेहचा, तोही एक पायरी रिच, म्हणजे 90. माथ्यावर फडफडली तर फडफडू दे. जास्तच झालं तर नीडलची क्लिप एक खाच वर घ्यायची, म्हणजे नीडल खाली बसते, आणि एअर स्क्रू थोडा बाहेर. परत येताना मनालीत थांबून मूळ जेट घालायचा, क्लिप आणि स्क्रू जागेवर आणायचे, मगच पुढं. प्लग चहाच्या रंगाचा हवा, पांढरट दिसला तर तिथंच थांबायचं. उतारावर एक बोट कायम क्लचवर.

हे ज्ञान आमच्याकडे पुस्तकातून आलं नाही. मराठीत कानडी मिसळून बोलणाऱ्या मिस्त्र्यांनी प्लग हातात धरून शिकवलं. त्यातले बरेच आता थकले आहेत आणि त्यांची पोरं फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या करतात. त्यात वाईट काही नाही, त्या गाड्या उंचीचा हिशोब स्वतःच करतात. पण आपल्याकडे जुन्या गाड्या राहणार असतील तर त्यांची विद्याही राहायला हवी. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मंडळींनी आपापल्या मिस्त्र्यांची सेटिंग खाली लिहावीत. गाडी, जेट, क्लिपची खाच आणि गाव, एवढं पुरे. जूनमध्ये निघणाऱ्या पोरांना त्याचा उपयोग होईल.