घर-संसार : फोटो फ्रेममध्ये बसवताना

आमच्या दादा-दादींचा एक फोटो बैठकीच्या खोलीत कित्येक वर्षे टांगलेला होता. मुंबईहून हजला निघताना बंदरावर काढलेला. जहाजाने हजला जाण्याचा तो सिलसिला १९९५ मध्ये संपला, तशा फोटोंना आता मोल नाही. गेल्या पावसाळ्यात भिंतीला ओल आली आणि फोटो काचेला चिकटला. फ्रेमवाल्याने ओढून काढला, तेव्हा दादांचा अर्धा चेहरा काचेवरच राहिला.

दुसरी प्रत फुफीकडे होती. ती देताना फुफी म्हणाल्या, "नीट बसव बेटा, पण मला परत हवा हं." म्हणून या वेळी आम्ही आधी चौकशी केली. जे कळले ते इथे देत आहोत.

जुन्या फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगतो, चिकट होतो आणि काचेला धरतो. म्हणून फोटो आणि काच यांच्यात अंतर हवे. खिडकीसारखा कापलेला जाड पुठ्ठा, ज्याला दुकानात माउंट म्हणतात, तो याचसाठी असतो; शोभा नंतरची. एकाऐवजी दोन माउंट लावले, तर सुमारे ३ मिलिमीटर जागा मिळते आणि आतल्या माउंटची बारीक किनार फोटोभोवती उठून दिसते.

माप सोपे आहे. आमचा फोटो ६ × ८ इंच, भोवती पाव इंच पांढरी कड. आतल्या माउंटची खिडकी ५.५ × ७.५ इंच ठेवली, म्हणजे कड झाकली गेली. वरच्या माउंटची खिडकी चारही बाजूंनी पाव इंच मोठी, म्हणजे ६ × ८ इंच. बाहेरची पट्टी अडीच इंच, खालची थोडी जास्त. सारखी ठेवली तर फोटो खाली घसरल्यासारखा वाटतो. वरचा माउंट मळकट पांढरा, आतला गडद राखाडी घेतला. माउंट आम्लरहित पुठ्ठ्याचाच मागावा. साध्या पुठ्ठ्यातील आम्लाने काही वर्षांत फोटोच्या कडा पिवळ्या पडतात.

सर्वांत महत्त्वाचे, फोटोला गोंद किंवा चिकटपट्टी लावू नये. गरम दाबाने कायमचा चिकटवूनही घेऊ नये. आम्लरहित कागदाचे चार छोटे त्रिकोणी खिसे करावेत, बाजू अर्ध्या इंचाहून लहान. फोटोचे कोपरे त्यांत सरकवावेत आणि खिसे मागच्या पुठ्ठ्याला चिकटवावेत. फोटो मोकळाच राहतो, खिसे माउंटखाली झाकले जातात.

फ्रेम ओलीच्या भिंतीवर किंवा थेट उन्हात लावू नये. मागे खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावावेत, म्हणजे हवा खेळते. फोटो एकुलता एक असेल तर त्याची प्रत काढून ती भिंतीवर लावावी आणि मूळ फोटो कपाटात, कोरड्या जागी ठेवावा. काचेला आधीच चिकटला असेल तर ओढू नये. काचेसकटच त्याचा फोटो काढून घ्यावा.

भिंतीवर माणसांचे फोटो न लावणाऱ्या घरांतही काबाशरीफचे चित्र, मुलांची सनद किंवा हाताने लिहिलेली आयत असतेच. त्यांनाही हीच रीत लागू.

परवा फुफी आल्या, फ्रेमसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. आम्ही फ्रेम उतरवली, मागची पाठ उघडली आणि फोटो खिशांतून अलगद काढून त्यांच्या हातात ठेवला. भिंतीसाठी प्रत काढून ठेवलीच होती. त्यांनी फोटो उलटा करून पाहिला. मागे दादांच्या हातची तारीख होती, एक अक्षरही पुसले नव्हते. कुणाची अमानत घरात ठेवायची, तर ती अशीच परत करता आली पाहिजे.