शटरच्या आत कोण आहे?

‘शटर उचकटून गल्ल्यातली रोकड लंपास’ ही बातमी ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या वाचकाला नवी नाही. ती छापून आली की आजूबाजूचे दुकानदार सावध होतात. दोन बाजूंच्या कुलपांच्या जोडीला मधले सेंटर लॉक येते, कड्यांवर जाड पत्रा वेल्डिंग करून घेतला जातो, आतून सरकती जाळी बसते. माल राखायचा तर हे करावेच लागते, त्याबद्दल कुणाला नावे ठेवायचे कारण नाही. पण रात्री दोन वाजता त्याच दुकानातून धूर येऊ लागला की हा सगळा बंदोबस्त अग्निशमन दलाच्या वाटेत उभा राहतो, आणि त्याचा हिशेब दुकान मांडताना कुणीच केलेला नसतो.

बंद शटर उघडायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे पाहण्यासारखे आहे. शटर म्हणजे एकमेकींत अडकवलेल्या पोलादी पट्ट्या. त्यांची टोके दोन्हीकडच्या चॅनेलमध्ये, वर पाइपवर स्प्रिंग, तळाला जाड पट्टी आणि तिला कुलपे. जवानांचा पहिला हात कुलपांवर पडतो. बोल्ट कटरने ती तुटली तर शटर नेहमीसारखे वर जाते, आणि यापेक्षा बरे काही नाही. कुलपे आत दडलेली असतील किंवा उष्णतेने पट्ट्या वाकून चॅनेलमध्ये रुतल्या असतील, तर चकतीची करवत चालवावी लागते. हात पोचेल तिथून खालपर्यंत मधोमध उभा छेद द्यायचा, मग अर्ध्या झालेल्या पट्ट्या एका बाजूने चॅनेलमधून खेचून काढायच्या. टोकांना क्लिपा ठोकलेल्या असतील तर पट्ट्या सहज निघत नाहीत. मग दोन तिरके छेद देऊन त्रिकोणी भगदाड पाडतात. त्यातून माणूस आत जातो, पण वाट अरुंद आणि कडा धारदार.

हे सगळे करताना घाई नडते. बंद गाळ्यात आग हवेअभावी धुमसत राहते. शटर उघडले की तिला हवा मिळते आणि ज्वाळा एकदम दाराकडे झेपावू शकतात. म्हणून पाण्याचा पाइप भरून तयार झाल्यावरच शटरला हात घालायचा, तोही समोर नव्हे तर बाजूला उभे राहून. गॅसचा वास येत असेल तर ठिणग्या उडवणारी करवत बंद. तापून स्प्रिंगचा ताण गेला की वर केलेले शटर धाडकन खाली येऊ शकते, म्हणून त्याला खालून टेकू द्यायचा. आत धूर असेल तर श्वसनयंत्राशिवाय पाऊल टाकायचे नाही. बंद जागेतला वायू काय करतो, हे कल्याणच्या दलाला सांगायची गरज नाही. नोव्हेंबर 2018 मध्ये कल्याण पूर्वेतल्या एका विहिरीतल्या विषारी वायूने पाच जणांचा जीव घेतला, त्यांत दलाचे दोन जवान होते.

म्हणूनच एक विनंती. गाळ्यातून धूर दिसला आणि आत कुणी नाही याची खात्री असेल, तर गर्दीने पहार घालून शटर उचकटू नये. मदतीच्या भरात आगीला हवा घातली जाते. आधी 101 फिरवावा, मग वरच्या मजल्यावरच्यांना उठवावे.

वरच्या मजल्याचा मुद्दा आपल्या शहरांसाठी फार मोठा आहे. गोखले रोड, जांभळी नाका, फडके रोड, मानपाडा रोड, कल्याणचा शिवाजी चौक, कुठेही पाहा, खाली गाळे आणि वर घरे. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात 3 एप्रिल 2024 च्या पहाटे शिवणकामाच्या दुकानाला आग लागली. वर राहणाऱ्या एकाच कुटुंबातले सात जण गुदमरून गेले. खालच्या शटरपाशी गेलेले प्रत्येक मिनिट वरच्या घरांच्या नावावर पडते.

आणि कधी कधी माणसे शटरच्या मागेच असतात. पुण्याजवळ उरुळी देवाची इथे 9 मे 2019 च्या पहाटे साड्यांच्या दुकानाला आग लागून आत झोपलेले पाच कामगार दगावले. दुकानाला बाहेरून कुलूप होते. पुण्याजवळच्याच चिखलीत 30 ऑगस्ट 2023 च्या पहाटे हार्डवेअरच्या दुकानात राहणारे चौघांचे कुटुंब संपले. ‘चोरीची भीती असते, पोरं गावाकडची, कुठे झोपणार?’ हे समर्थन मालकांकडून सर्रास ऐकू येते. त्या पोरांना निवारा द्यायचा तर किल्लीही त्यांच्याच हातात द्यावी. माणूस आत ठेवून बाहेरून कुलूप लावणे याला निवारा म्हणत नाहीत.

महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याने जबाबदारी मालकावर आणि जागा वापरणाऱ्यावर टाकली आहे. पण गल्लीतल्या गाळ्यापर्यंत तो कायदा पोचवायचा तर व्यापारी संघटना आणि महापालिका दोघांनाही हलावे लागेल. ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांनी बाजारपेठेत पहिल्यांदा पोचणाऱ्या प्रत्येक गाडीवर शटर कापण्याची करवत, जादा चकत्या आणि ती चालवणारा सराईत जवान असेल याची हमी द्यावी. सरावासाठी भंगारात निघालेली शटरे हवी तेवढी मिळतील. पदपथावरची छपरे आणि पुढे आलेले बोर्ड हटवण्याचे काम तर जुनेच थकलेले आहे.

दुकानदारांनी करायचे काम त्याहून स्वस्त आहे. शटरवर रात्री उचलला जाईल असा मोबाइल नंबर ठळक रंगवा. दुसरी किल्ली जवळ राहणाऱ्या भरवशाच्या माणसाकडे ठेवा. मागचे दार खोक्यांनी बुजवू नका. मोटरचे शटर असेल तर वीज गेल्यावर ते बाहेरून कसे उघडते, हे एकदा करून पाहा. पोटमाळ्यावर कुणी झोपत असेल तर त्याला आतून उघडणारी दुसरी वाट द्या. ती देता येत नसेल, तर तिथे माणूस झोपवू नका. रंगाचा एक डबा आणि एक जादा किल्ली, एवढाच खर्च आहे. तो या आठवड्यातच करा.