गोष्ट टाकीपाशी संपत नाही

थोरियमच्या प्रचारासाठी गावोगाव फिरणारे व्याख्याते महोदय,



गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयात तुमचं व्याख्यान झालं. शेवटी मी एक प्रश्न विचारला. उत्तर न देता तुम्ही माइकवरून म्हणालात, "अशा शंकेखोरांमुळेच देश मागे राहिला." सभागृह हसलं, टाळ्या पडल्या. हसणाऱ्यांत माझे चार-पाच जुने विद्यार्थी होते. ते हसणं मनातून जात नाही, म्हणून हे पत्र.

महोदय, मी विरोधक नाही. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. थोरियमपासून वीज मिळवण्याची होमी भाभांची तीन टप्प्यांची योजना दर वर्षी फळ्यावर काढली. केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत केवढं थोरियम आहे, हे सांगताना ऊर भरून यायचा. त्यातही वितळलेल्या क्षारांची अणुभट्टी, म्हणजे जिच्यात इंधन वितळलेल्या क्षारात मिसळलेलं असतं ती, माझी फार लाडकी. थंडीत खोबरेल तेलाची गोठलेली बाटली वर्गात न्यायची आणि उलटी धरायची. थेंब पडायचा नाही. मग ती एखाद्या मुलीच्या तळहातांत द्यायची. ऊब लागली की तेल सुटायचं. "या भट्टीच्या नळीतही क्षाराची अशीच गुठळी हवेच्या झोताने गोठवून ठेवतात. वीज गेली की झोत थांबतो, गुठळी वितळते आणि इंधन आपसूक खालच्या टाकीत उतरतं," असं मी सांगायचो. मुलांचे डोळे लकाकायचे.

तुम्ही सांगितलंत की अमेरिकेने ही भट्टी थोरियमवर चालवून दाखवली. टेनेसीतल्या ओक रिजची ती प्रायोगिक भट्टी १९६५ साली सुरू झाली आणि १९६९च्या डिसेंबरात बंद झाली. साधारण ८ मेगावॉट उष्णता देणारी ती भट्टी उत्तम चालली, यात वाद नाही. १९६८मध्ये तिच्यात थोरियमपासून मिळवलेलं युरेनियम-२३३ घातलं, पण ते दुसऱ्या अणुभट्ट्यांत तयार झालेलं होतं. तिच्या क्षारात थोरियम कधी नव्हतंच.

मी एवढंच विचारलं होतं, "भट्टी बंद झाल्यावर टाकीतल्या क्षाराचं काय झालं?"

तो टाकीत गोठला आणि तिथेच राहिला. किरणोत्सारामुळे गोठलेल्या क्षारातून फ्लोरीन सुटत राहिला. त्यामुळे युरेनियमचा काही भाग वायुरूप होऊन नळ्यांतून सरकत थेट कोळशाच्या गाळणीपर्यंत पोचला. हे १९९४ साली लक्षात आलं, भट्टी बंद पडून जवळपास पंचवीस वर्षांनी! ते युरेनियम काढून घेण्यात पुढची कित्येक वर्षं गेली.

हे मला निवृत्तीनंतर वाचताना कळलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. इतक्या मुलांना मी टाकीपर्यंत नेलं आणि गोष्ट तिथेच संपवली. म्हणून तर तुम्हाला विचारलं. निदान तुम्ही पुढचं सांगाल, असं वाटलं होतं.

ही हकिगत म्हणजे या भट्टीचा मृत्युलेख आहे, असं मी मुळीच म्हणत नाही, आणि अणुऊर्जेच्या विरोधकांनीही तसा अर्थ काढू नये. बंद भट्टीतला क्षार वेळेवर हलवायला हवा, हा तिचा धडा आहे. चीनने गान्सू प्रांतात अशी भट्टी २०२३मध्ये सुरू केली आणि २०२४मध्ये तिच्यात थोरियमही घातलं. मला त्याचा आनंदच आहे. पण तीही २ मेगावॉटची प्रायोगिक भट्टी आहे, हे सांगितल्याने तिचं मोल कमी होत नाही.

ज्याच्यावर जीव असतो, त्याचीच काळजी वाटते. शंका विचारणाऱ्याला तुम्ही भर सभेत परकं केलंत, याचं दुःख आहेच. त्याहून मोठं दुःख हे की माझ्या विद्यार्थ्यांनी त्या दिवशी प्रश्नाला हसायला शिकून घेतलं.

पुन्हा या. माझ्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यासमोर द्या. खोबरेल तेलाची बाटली मी घेऊन येईन.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक