नानांना गाडू नका

आमच्या घरी नाना राहतात. दिवाणखान्यात, टीव्हीच्या डाव्या हाताला, दोन फुटी काचेच्या टाकीत. उंची चार बोटं, अंगावर अकरा पानं, स्वभाव शांत. ते कुणाच्या अध्यात नाहीत, मध्यात नाहीत. टाकीतले गप्पी मासेदेखील त्यांना शिवत नाहीत. पण घरात आलेला पाहुणा चहाचा कप हातात घेऊन टाकीपाशी जातो, वाकून पाहतो आणि ठरलेला प्रश्न टाकतो, "हे वाढत का नाही हो?"

या प्रश्नाविरुद्ध मी आज लेखणी उचलली आहे. ज्यांनी तो विचारला असेल त्यांनी राग मानावा. त्यासाठीच लिहितो आहे.

आधी नानांची ओळख करून देतो. पूर्ण नाव अनुबियास बार्टेरी, उपप्रकार नाना. हे नाव आमच्या घरातल्या कुणी ठेवलेलं नाही हो! लॅटिनमध्ये 'नाना' म्हणजे बुटका. मूळ गाव पश्चिम आफ्रिकेत, कॅमेरूनकडे. ओढ्याकाठी, गर्द झाडीच्या सावलीत, एखाद्या दगडाला नाहीतर पडलेल्या ओंडक्याला धरून बसायचं, हा वडिलोपार्जित धंदा. व्हिएन्नाच्या शॉटसाहेबांनी १८५७ साली या घराण्याचं नाव ठेवलं ते इजिप्तच्या अनुबिस देवावरून. कोल्ह्याच्या तोंडाचा हा देव मेलेल्यांच्या राज्याची राखण करतो. झाड सावलीतलं, म्हणून देवही अंधारातला. पुढे १८९९ मध्ये एंग्लर नावाच्या जर्मन पंडिताने नानांना स्वतंत्र जातीचा दर्जा दिला आणि १९७९ मध्ये क्रुसिओ नावाच्या दुसऱ्या पंडिताने तो काढून घेऊन त्यांना बार्टेरीच्या हाताखाली नेमलं. ऐंशी वर्षांच्या नोकरीनंतर पदावनती! आमच्या कचेरीत असं झालं असतं तर माणूस कोर्टात गेला असता. नानांचं पानसुद्धा हललं नाही.

कूळ मात्र आपल्या ओळखीचं. अळू, सुरण, मनीप्लांट आणि नाना, सगळी एकाच भावकीतली. अळू म्हटलं की खाज आली, हे कुणालाही सांगायला नको. फरक एवढाच की अळूची खाज खाणाऱ्याच्या घशाला सुटते आणि नानांची पाळणाऱ्याच्या हाताला. ही दुसरी खाज चिंच घालूनही जात नाही.

नाना आमच्याकडे आले ते चिरंजीवांमुळे. ते नोकरीसाठी बंगळुरूला गेले आणि टाकी, बारा गप्पी व नाना असा संसार माझ्या गळ्यात घालून गेले. जाताना रिक्षात बसता बसता एकच सांगितलं, "बाबा, माशांना चिमूटभर खाणं घाला. त्या झाडाला मात्र हात लावू नका. मला कॉलेजात पहिलं बक्षीस मिळालं ना, त्या पैशांचं आहे ते."

मी म्हटलं, "मी कशाला हात लावतोय?"

पस्तीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाचं हे आश्वासन होतं. ते तितकंच टिकलं.

दोन महिने झाले, नानांना फक्त दोन पानं आली. तळमजल्याचे शेजारी, ज्यांच्या कुंडीत कढीपत्ता छताला टेकला आहे, ते म्हणाले, "अहो, झाड दगडाला बांधून कुठं वाढतं होय? मातीत लावा." मला पटलं. नानांना दगडावरून सोडवलं आणि टाकीच्या वाळूत चांगलं खोल, दाबून, गाडलं. आता नानांचं खोड असतं आल्यासारखं, आडवं. मुळं वाळूत गेली तर चालतात, पण ते खोड उघडं राहावं लागतं. पुरलं की कुजतं. हे मला कळलं ते तीन आठवड्यांनी, टाकीला वास सुटल्यावर. पानं पिवळी पडून देठासकट सुटून येत होती. उकरून काढलं तर निम्मं खोड बोटांना पिठल्यासारखं लागलं.

मग मेहुण्यांचा सल्ला आला. "उजेड कमी पडतोय. दिवा वाढवा." दिवा वाढवला, दिवसाचे बारा तास. नाना वाढले नाहीत, पण नानांना दाढी आली. ज्या झाडाचं पान महिनोन्महिने टिकतं आणि नवं पान तीन-चार आठवड्यांनी एक येतं, त्याच्यावर भगभगीत उजेड पाडला तर त्याचा फायदा झाड घेत नाही, शेवाळ घेतं. नंतर कुणीतरी म्हणालं, "खत द्या." बाटलीवर लिहिलेल्या मात्रेच्या दुप्पट दिलं. आपण मुलांना च्यवनप्राश देतो तसं. शेवाळाने दुवा दिला असेल.

एका रविवारी चिरंजीवांचा व्हिडिओवर फोन आला. म्हणाले, "नाना दाखवा." मी म्हटलं, "लाइट गेलेत." माझ्या मागे पंखा फिरत होता. चिरंजीवांनी तो पाहिला आणि ते काही बोलले नाहीत. ते न बोलणं मला अजून ऐकू येतं.

आता या कथेतली दुसरी बाजू. गाडलेले नाना उकरले त्या दिवशी, कुजका भाग कापून टाकताना दोन पानांचा एक तुकडा वेगळा पडला. मी तो फेकणार होतो. आमच्या सौभाग्यवतींनी तो उचलला, लोणच्याच्या रिकाम्या काचेच्या बरणीत ओलं शेवाळ घालून त्यावर नुसता ठेवला, झाकण लावलं आणि बरणी स्वयंपाकघरातल्या उत्तरेच्या खिडकीत सरकवली. नंतर भाचीचं लग्न आलं, गणपती आले, दिवाळीचा फराळ आला. बाई ती बरणी साफ विसरल्या. दिवाळीनंतर डबे आवरताना सापडली. आत चार नवी पानं, एकावरही दाढी नाही!

मी थक्क झालो. चौकशी केली तेव्हा समजलं की हे झाड पाण्याबाहेर, दमट हवेत, पाण्यापेक्षा जरा चटकन वाढतं. रोपवाटिकांतही ते बहुधा पाण्याबाहेरच वाढवतात. अट एकच, बंद बरणीवर थेट ऊन पडता कामा नये. पडलं तर आत नानांची इडली होते. बाकी काही करायचं नाही. बाईंनी काही केलं नाही, म्हणून ते झालं. मी सगळं केलं, म्हणून माझं कुजलं.

तुम्ही म्हणाल, मग काळजी घेऊच नये की काय? जरूर घ्यावी. पण काळजी आणि लुडबुड यांतला फरक ओळखावा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, ही काळजी. दिवा सहा-सात तास आणि मंद, ही काळजी. खोड दोऱ्याने दगडाला बांधलं आणि मुळांनी दगड धरेपर्यंत दोन-तीन महिने वाट पाहिली, ही काळजी. जुनं पिवळं पान कात्रीने काढलं, ही काळजी. मुळं धरली का म्हणून दर चार दिवसांनी उचलून पाहिलं, ही लुडबुड. आपल्याकडे लुडबुडीलाच प्रेम म्हणायची पद्धत आहे. वरच्या मजल्यावरचा चार वर्षांचा पोरगा अजून 'र'ला 'ल' म्हणतो, तर त्याला तीन क्लास लावलेत. तो बिचारा 'ल' म्हणायचाही थांबला.

ही घाई आपल्या टाकीपुरती राहिली असती तरी एक वेळ चाललं असतं. बोर्निओ बेटावर याच कुळातलं बुसेफालांड्रा नावाचं झाड आहे. जगात दुसरीकडे कुठेही नाही. पुराच्या लोंढ्यात खडकाला चिकटून ते जगतं आणि नानांइतकंच सावकाश वाढतं. टाकीवाल्यांना ते आवडलं. पण टाकीवाल्याला आज लावून उद्या भरगच्च हवं! मग ओढ्यातल्या खडकांवरून ते खरवडून आणायचं आणि विकायचं. कितीतरी वर्षांत भरलेला खडक एका दुपारी बोडका. त्यातल्या काही जाती एवढ्याशा टापूत आहेत की ओढा गेला की जात गेली. कॅमेरूनचा पूर, बोर्निओचा खडक, ज्याला वाट पाहायची सवय नाही तो दुसऱ्याने पाहिलेली वाट विकत घेतो. आपल्या सह्याद्रीच्या ओढ्यांतही याच भावकीतली क्रिप्टोकोरिनी आहे. सहलीला गेलात तर तिला नमस्कार करा आणि हात खिशात ठेवा. हवीच असतील झाडं, तर प्रयोगशाळेत डबीत वाढवलेली मिळतात, ती मागा. इवलीशी असतात. असू द्यात.

मी बरणीतल्या नानांचा एक तुकडा पुन्हा टाकीत, दगडावर बांधला. ते पाण्यात रुळायला पुष्कळ दिवस गेले. पण मी हात लावला नाही. खरं सांगायचं तर हात लावायची वेळ आली की मी उठून भाजी आणायला जायचो. आमच्याकडे भाजी फार साठली.

मागच्या महिन्यात चिरंजीव सुट्टीला आले. चपला काढायच्या आधी टाकीपाशी गेले. वाकून पाहिलं. पानं मोजली. मी वर्तमानपत्राच्या आड. शेवटी म्हणाले, "बाबा, हे ते नाहीत ना?"

मी म्हटलं, "त्यांच्यातलेच आहेत. तुझ्या आईने वाचवलेले."

ते हसले. मग तिथेच खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ नुसतं पाहत राहिले. मीही जाऊन बसलो. पाण्याच्या आत, पानांच्या मधोमध, एक पांढरं फूल उघडलं होतं, चिमुकल्या अळूच्या फुलासारखं. नाना पाण्याखाली फुलतात, हे ठाऊक नव्हतं मला.

तेवढ्यात मेहुणे आले. टाकीत डोकावून म्हणाले, "अजून एवढंच?"

आम्ही दोघांनी एकदमच त्यांच्याकडे पाहिलं. ते भाजी निवडायला आत गेले.